निम्मा पाऊस सरजाबाईचा

अहो पाव्हणं, झरीकडं निघालात ना? मग जरा या बांधाशी थांबा. इकडं तिकडं काय बघताय, हाक मीच मारली. जाळीच्या आत खांब दिसतोय, त्याच्यावर पांढरा डबा, वर तोंड करून उभा? तोच मी. पाऊस मोजणारा डबा बोलतोय. शाळेच्या पुस्तकात मला पर्जन्यमापक म्हणतात, पण एवढं लांबलचक नाव घेऊन हाक मारायला इथं वेळ कुणाला आहे? गावात मी नुसता ‘डबा’.

माझं तोंड नरसाळ्यासारखं आहे. त्यातून पाणी खाली उतरतं. पोटात दोन बाजूंची एक इवलीशी वाटी आहे. एक बाजू भरली की ती कलंडते, टिक् असा आवाज होतो आणि दुसरी बाजू भरायला लागते. चार वेळा टिक् झालं की एक मिलिमीटर पाऊस. तो आकडा माझ्यातलं सिमकार्ड लांबच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला कळवतं. मग असे कितीतरी आकडे एकत्र करून, उपग्रहाला विचारून, संध्याकाळी गावातल्या साठ शेतकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप येतो. फवारणी करा, थांबा, कापणी उरका, पेरणीला हरकत नाही. मोठेपणा सांगत नाही, पण मोजण्यात मी कधी चुकलो नाही. चुकलो तो कसा, तेच तर सांगायला तुम्हाला थांबवलंय.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यातला. टेम्पोत बसवलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, ‘‘चल बाबा, जगात जर्मनी अन् भारतात परभणी!’’ मला वाटलं, आपण फार मोठ्या थाटाच्या गावी चाललोय. उतरलो तेव्हा चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं आणि माझ्या शेजारचा तापमान मोजणारा भाऊ आल्याआल्याच बेजार झाला.

मला उभं करायला दहा फूट जागा हवी होती. माणिकरावांचं बावीस एकर रान, पण त्यात दहा फूट निघेनात. ‘‘असलं बुजगावणं माझ्या रानात नको,’’ म्हणाले. शेवटी जागा दिली सिद्धोधननं. त्याचं सगळं मिळून तीन एकर. पण गडी हौशी. म्हणाला, ‘‘पाऊस पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई, साहेब. मिरगात पेरावं तर मिरग कोरडा जातोय, अन् काढणीच्या टायमाला धो धो पडायलाय. कुणी सांगनारं असंल तर असू द्या की आपल्या बांधावर.’’

पहिलं वर्ष चेष्टेत गेलं. दुसऱ्या वर्षी सोयाबीन कापून पडलं होतं आणि मोबाइलवर निरोप आला, दोन दिवसांत जोराचा पाऊस. आभाळ तर निळंशार. सिद्धोधननं तरीही गंजी लावून ताडपत्री झाकली. शेजारच्या रानातून माणिकराव हसले. तिसऱ्या दिवशी असा पाऊस कोसळला की माझ्या पोटातली वाटी कलंडून कलंडून दमली. सिद्धोधनचं सोयाबीन वाचलं, माणिकरावांच्या शेंगांना मोड आले. त्या दिवसापासून माणिकराव रोज बांधावर येऊन विचारायला लागले, ‘‘काय म्हणतंय रे तुझं बुजगावणं?’’ सिद्धोधनची कॉलर त्या वर्षी जरा ताठ होती. असायलाच पाहिजे होती.

आता सरजाबाईचं सांगतो. सिद्धोधनची आई. वय सत्तरच्या पुढं, अंगानं काटकुळी, पण खुरपं हातात घेतलं की सुनेला मागं टाकणारी. आल्या दिवसापासून ती मला न्याहाळत होती. जवळ यायची, माझ्या खांबावर हात ठेवायची, निघून जायची. यंदाच्या वैशाखात एकदा भर दुपारी ती माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या तोंडाच्या कडेवर एक चिमणी चोच उघडी टाकून बसली होती.

‘‘तुमाला दोघांनाबी तहान लागलीय व्हय?’’ असं म्हणून सरजाबाईनं तांब्यातलं ओंजळभर पाणी माझ्या तोंडात ओतलं. चिमणीनं दोन घोट घेतले. बाकीचं पाणी माझ्या पोटात उतरलं आणि वाटी कलंडायला लागली. टिक्, टिक्, टिक्.

सरजाबाईनं वाकून आत पाहिलं. पाणी गायब. ‘‘आगं माय! घटाघटा पेला की समदं! किती दिसाचा उपाशी हायस रे लेकरा?’’

झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता रानात आली की आधी माझी जाळी उघडायची, मला ओंजळभर पाणी पाजायचं, आणि मग कामाला लागायचं. पाणी पाजताना ती बोलायची. एक दिवस म्हणाली, ‘‘आमी ल्हान असताना हिरीवर असंच वर तोंड करून उभं ऱ्हायचो. ओंजळ धरून. आमाला पोहरा टाकायची मुभा न्हवती. वरून कुणी घालील तवा प्यायचं. कुणी घालायचं, कुणी तसंच निघून जायचं. तुला बघितलं की मला त्येच आठवतंय बघ.’’

पाव्हणं, खरं सांगतो, मला ते पाणी फार आवडायचं. मी लोखंडाचा आणि प्लास्टिकचा. मला तहान लागत नाही. पण दिवसभर उन्हात तापल्यावर रोज सकाळी कुणीतरी आपली एवढी फिकीर करतंय, हे कुणाला नको असतं? तुमच्यासारखं तिलाही माझं बोलणं ऐकू आलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की आजी, हे करू नका. तिला ते ऐकू येत नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, ते थांबावं असंही वाटत नव्हतं.

तिच्या ओंजळीचे माझ्या पोटात बारा टिक्, म्हणजे तीन मिलिमीटर व्हायचे. उन्हाळ्यात ते आकडे कोण बघतो? पण जूनची एक तारीख उजाडली आणि पेरणीचा हिशेब सुरू झाला. आमच्याकडं काळी माती. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असा निरोप सगळ्यांना आलेला. कमी ओलीत पेरलं तर बी फुगतं, मोड येतो आणि खालून पाणी न मिळाल्यानं तिथंच करपतं. मग दुबार पेरणी.

जूनच्या पहिल्या सतरा दिवसांत तीन पाऊस झाले. सगळे मिळून एक्कावन्न मिलिमीटर. आणि सरजाबाईच्या सतरा ओंजळी. त्याही एक्कावन्न. माझ्या पोटाला काय कळतंय, कुठलं पाणी आभाळाचं आणि कुठलं तांब्यातलं? सतरा तारखेच्या संध्याकाळी साठ मोबाइल एकदम वाजले. शंभर मिलिमीटर पूर्ण. पेरणीस हरकत नाही.

रानात त्या संध्याकाळी लगीनघाई उडाली. सिद्धोधननं घरात जपून ठेवलेलं बी बाहेर काढलं. ते बी सरजाबाईनं सुपानं पाखडून, फुटका दाणा वेगळा करून, आठ महिने थंड जागेत राखलं होतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले, तर नव्वद उगवले होते. असं बी गावात दुसरं नव्हतं. तेवढंच होतं, आणि ते वाया गेलं तर घरात दुसरं नव्हतं.

अठरा तारखेला सकाळी दत्ताचा ट्रॅक्टर आधी माणिकरावांच्या रानात शिरला. तिथलं झालं की इकडं येणार होता. सिद्धोधन बियाण्याची पोती बांधावर मांडत होता. त्याची मुलगी सुकेशनी परभणीला शेतीचं शिक्षण घेते, ती पेरणीसाठी मुद्दाम घरी आली होती. आणि सरजाबाई रानाच्या मधोमध बसून खुरप्यानं माती उकरत होती.

ती हात झटकत आली. ‘‘सिद्धू, पेरू नको. वर ओल हाय, खाली फोफाटा हाय. वीतभर बी ओल गेली न्हाई.’’

‘‘माय, शंभर झालाय शंभर. मशीन खोटं बोलत न्हाई.’’

‘‘मशीन बोलत नसंल. पर माती बी खोटं बोलत न्हाई, लेकरा.’’

‘‘तू गप बस बरं! मागल्या साली ह्या मशीनीनंच आपलं सोयाबीन वाचवलं. हातानं माती चाचपून पेरायचे दिवस गेले आता.’’

सरजाबाईचा चेहरा एवढासा झाला. मला सिद्धोधनचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. कारण खरं काय ते मला माहीत होतं, तिच्या हाताला माहीत होतं, आणि त्या हातानंच मला खोट्यात पाडलं होतं. ती तशीच तांब्या घेऊन माझ्याकडं आली. जाळी उघडली. घरच्यांवर रुसली म्हणून मला उपाशी ठेवेल अशी ती बाई नव्हे. तिनं ओंजळ ओतली.

टिक्, टिक्, टिक्.

सुकेशनी जवळच उभी होती. तिनं तो आवाज ऐकला.

‘‘आज्जी, काय करायलीस?’’

‘‘पानी पाजायलेय त्येला. रोज पाजती. लय तहानलेला ऱ्हातोय बघ. घातलं की संपलं.’’

सुकेशनीनं कपाळावर हात मारला नाही की ओरडली नाही. मोबाइल काढून माझे आकडे उघडले आणि एकेक दिवस मागं जात राहिली. मग हळूच म्हणाली, ‘‘पप्पा, इकडं या. रोज सकाळी सात वाजता पाऊस. रोज. दोन मिनिटं. तीन मिलिमीटर.’’

सिद्धोधन ते बघून बियाण्याच्या पोत्यावर मटकन बसला. ‘‘साठ लोकांना निरोप गेलाय,’’ तो म्हणाला. ‘‘समदे मलाच धरतील. आता पुन्हा कोण विश्वास ठिवील?’’

सरजाबाईला समजायला जरा वेळ लागला. ‘‘म्हंजी, म्या पाजलेलं पानी ह्यानं पाऊस म्हनून मोजलं?’’ तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आपल्या हातून लेकराला काही भलतंच खायला घातलं गेलं तर आई जशी बघते, तशी बघत होती. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं, पण माझा पाया सिमेंटचा आहे.

‘‘उठ,’’ ती सिद्धोधनला म्हणाली. ‘‘बसून काय करायलास? फोन लाव लोकायला.’’ आणि स्वतः पदर खोचून तरातरा माणिकरावांच्या रानात गेली. चालत्या ट्रॅक्टरपुढं हात वर करून उभी राहिली. दत्तानं कचकन ब्रेक मारला.

‘‘सरजाबाई, बाजूला व्हा! काय जीव द्यायलाव का?’’ माणिकराव धावत आले.

‘‘पेरनी थांबवा, माणिकराव. पाऊस शंभर न्हाई, पन्नास हाय. बाकीचा निम्मा पाऊस म्या पाडलाय.’’

दत्ता फिसकन हसला. पण तिचा चेहरा बघून त्याचं हसू जिरलं. सुकेशनी मागून पळत आली, तिनं मोबाइल दाखवून सगळं समजावलं. माणिकरावांनी खाली बसून माती उकरली. दोन बोटांखाली कोरडी ठाक. तोवर त्यांच्या दोन एकरांत बी पडलं होतं.

‘‘अवो, लोकं तुमच्या डब्यावर जीव टाकून बसलीत,’’ ते कडाडले, ‘‘अन् तुमी त्याच्यात पाणी वतायलाव? कामून? काय पोरखेळ हाय का ह्यो?’’

सरजाबाई खाली बघत म्हणाली, ‘‘तहानलेला वाटला, माणिकराव. वर तोंड करून, ओंजळ धरल्यावानी उभा हाय. मला बघवंना.’’

माणिकराव पुढं बोलायला गेले आणि थांबले. सरजाबाईचं माहेर याच गावातलं, आणि लहानपणी ती जिथं ओंजळ धरून उभी राहायची ती विहीर त्यांच्याच आजोबांची होती. ते तेव्हा जन्मलेही नसतील, पण घरातल्या घरात ऐकलेलं माणसाला माहीत असतंच. त्यांनी हातातली माती झटकून खिशातून मोबाइल काढला आणि एकेकाला फोन लावायला लागले. ‘‘माणिकराव बोलायलोय. पेरू नका. डब्यात कायतरी बिघाड हाय. व्हय, थांबा.’’

तीन फोन झाले तसं सरजाबाईनं त्यांना अडवलं. ‘‘बिघाड म्हनू नका. डबा खरा हाय. म्हातारीनं पानी वतलं, असं सांगा. माझं नाव घ्या. न्हाईतर उद्या ह्यो खरं बोलला तरी कुणी ऐकायचं न्हाई त्याचं.’’

पाव्हणं, मी रोज आकडे सांगतो, पण त्या क्षणाला मला काय वाटलं ते कुठल्या आकड्यात बसत नाही. माझ्यासाठी इतक्या मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं. ती बाई सगळ्या गावात स्वतःचं हसं करून घ्यायला तयार झाली, कशासाठी, तर माझा खरेपणा राहावा म्हणून. पुढच्या फोनपासून माणिकरावांनी तसंच सांगितलं.

माणिकराव सोडून बाकीच्यांचं बी वाचलं. काहींनी शिव्या दिल्या, बरेच हसले. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. ‘‘सरजाबाई, आमच्या रानात कधी पाडताव?’’ असं कुणी पारावरून ओरडलं की ती सुद्धा सोडायची नाही. ‘‘तांब्या घिऊन ये, पाडते!’’ माणिकरावांचे दोन एकर मात्र करपले. सरजाबाईनं आपल्या बियाण्यातलं एक पोतं त्यांच्याकडं पाठवलं. त्यांनी ते परत पाठवलं. तिनं पुन्हा पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी निम्मं ठेवून घेतलं आणि निम्मं स्वतः उचलून आणून दिलं.

त्या दिवसापासून माझं पाणी बंद झालं. सरजाबाई सकाळी यायची, जाळीबाहेर उभी राहायची, रिकामा हात खांबाला लावायची आणि जायची. मी अगदी अचूक होतो. आणि मला करमत नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

इकडं सुकेशनीनं एक वेगळंच काम सुरू केलं. रोज सकाळी ती आजीला रानात तीन ठिकाणी माती उकरायला लावायची आणि ओल कुठवर आहे ते वहीत लिहायची. बोटभर, चार बोटं, वीत. माझा आकडा एका बाजूला, आजीचा हात दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळले तर निरोप खरा. नाही जुळले तर आधी डबा तपासायचा. परभणीला कॉलेजात असली की फोन करून विचारायची, ‘‘आज्जी, आज किती?’’

जुलैच्या चार तारखेला आभाळ भरून आलं. रात्रभर मी टिक् टिक् करत होतो. सकाळी माझ्याकडं जूनपासूनचे मिळून एकशे आठ झाले होते, सगळे आभाळाचे. पण गाव मोबाइल बघत बसलं नाही. माणिकराव, दत्ता, आणखी पंधरा-वीस जण बांधावर येऊन उभे होते. सरजाबाई रानात उतरली. खुरप्यानं उकरलं, हात घातला. मनगट गेलं, त्याच्या वर गेलं. तिनं चिखलाचा हात बाहेर काढला आणि सिद्धोधनकडं बघून म्हणाली, ‘‘वाफसा येऊ दे, चिखल जरा सुकू दे. परवा पेर.’’

सिद्धोधन तिच्याजवळ गेला. ‘‘माय, त्या दिशी बोललो ते मनावर घिऊ नको.’’ ती म्हणाली, ‘‘मनावर घ्यायला वखत कुठं हाय? पोती काढ.’’

वहीतली ओल सुकेशनीनं निरोप पाठवणाऱ्यांना कळवली होती, म्हणून त्या संध्याकाळच्या निरोपात पहिल्यांदा दोन ओळी आल्या. पाऊस एकशे आठ मिलिमीटर. ओल वीतभराच्या वर, सरजाबाईंनी पाहिलं. तिला वाचता येत नाही. सुकेशनीनं वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘‘मोबाइलमधी माझं नाव कामून घातलंस गं?’’ आणि मग दोनदा पुन्हा वाचून घेतलं.

हे बघा, समोर सोयाबीन कंबरेला लागलंय. माणिकरावांचं, सिद्धोधनचं, सगळ्यांचं. माझे मात्र आता थोडेच दिवस उरलेत. दिवाळीनंतर माझ्या जागी नवं यंत्र येणार आहे. त्याला तोंडच नाही म्हणे, किरणांनी थेंब मोजतं. त्यात कुणी पाणी ओतू शकणार नाही. चांगलंच आहे. मला कुठं नेतील ठाऊक नाही, आणि त्याची फारशी फिकीरही नाही.

फक्त एक विनंती आहे. ती यंत्रं बसवणारी माणसं तुम्हाला कुठं भेटली तर एवढा निरोप द्या. मला बसवलं तेव्हा त्यांनी शाळेत सभा घेतली होती. गड्यांना खुर्च्या, चहा, पडद्यावर चित्रं. सगळ्यांना नीट समजावलं. सरजाबाई त्या वेळी याच रानात खुरपत होती, माझ्यापासून वीस पावलांवर. तिला कुणी बोलावलं नाही. या वेळी शाळेत जायच्या आधी इथं थांबा म्हणावं. तिला सांगा हे काय आहे, काय मोजतं, कशानं बिघडतं. ती विचारील, ‘‘ह्याला तहान लागती का?’’ हसू नका. खाली बसा, आणि नीट उत्तर द्या.